सीएसआरचा निधी आणि तलावातला गाळ: मार्चअखेर आणि मेअखेर यांचा मेळ कसा घालायचा?

पाझर

कंपन्यांच्या सीएसआरवर (सामाजिक जबाबदारी म्हणून करायच्या खर्चावर) इथे आधी धागे निघालेत, पण ते सगळे 'मनापासून करतात की फोटोपुरतं' या वादात बुडाले. हा धागा त्यासाठी नाही. गावचा पाझर तलाव गाळाने भरलाय, जवळच्या एमआयडीसीतली एखादी कंपनी पैसे द्यायला तयार आहे, तर काम नेमकं कसं उभं करायचं, एवढंच इथे बोलू.

या कामाची खरी गाठ वेगळीच आहे. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि तलाव एप्रिलमध्ये कोरडा पडतो. गाळ काढायला हाताशी येतात एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा. म्हणजे पैसा ज्या वर्षातला, काम त्याच्या पुढच्या वर्षातलं. ही गोष्ट प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहिली नाही, तर २० मार्चला कंपनीचा फोन येतो की 'उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा' (म्हणजे पैसे कामावर खर्च झाल्याचा दाखला), आणि तलावात तेव्हा कमरेएवढं पाणी असतं.

माझ्या मते वर्षाचा आराखडा असा हवा:

मे: तलाव कोरडा असतानाच तळाची मोजणी. दिवाळीत प्रस्ताव लिहायला बसलात तर तळ पाण्याखाली असतो आणि गाळाचा आकडा अंदाजपंचे पडतो. कंपनीचा अभियंता तोच आधी पकडतो.
ऑगस्ट-सप्टेंबर: ग्रामसभेचा ठराव, तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याला अर्ज, कंपनीकडे प्रस्ताव.
नोव्हेंबर ते जानेवारी: संचालक मंडळाची मंजुरी, करारनामा.
फेब्रुवारी-मार्च: गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी, वाहतुकीचा रस्ता, मशीनचा करार.
एप्रिल-मे: काम. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेतात पसरवून नांगरट पूर्ण.

कायद्याचं अंग जाणकारांनी सांगावं. ताळेबंद, आहात का?

ताळेबंद

आहे. क्रमाने सांगतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. १ एप्रिल २०१४ पासून लागू. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एकही आकडा गाठला तरी कंपनी कक्षेत येते. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे. एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडला सीएसआर असतो असं समजून दारोदार फिरू नका. सरासरी नफा २० कोटी असलेल्या कंपनीकडे वर्षाला ४० लाख असतात. आणि गावासाठी हीच कंपनी सोयीची, कारण बंधनाची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. मोठ्या कंपनीचं मुख्यालय मुंबईत, समिती तिमाहीला एकदा बसणार. तोवर तुमचा मे निघून जातो.

गाळ काढणं कशात बसतं? कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, पर्यावरण, नैसर्गिक संसाधनांचं संवर्धन आणि माती-हवा-पाणी यांची गुणवत्ता राखणं असा मुद्दा आहे. त्यात चपखल बसतं. ग्रामविकासाचाही स्वतंत्र मुद्दा आहे, पण पहिला जास्त नेमका.

आता मार्चअखेर. इथे दोन वाटा आहेत.

पहिली: प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो. ३१ मार्चला जे पैसे उरले ते कंपनीने ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, बँकेतल्या वेगळ्या 'अखर्चित सीएसआर खात्यात' टाकायचे आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्च करायचे.

दुसरी: प्रकल्प एकवर्षीय राहिला. मग उरलेली रक्कम सहा महिन्यांत, ३० सप्टेंबरपर्यंत, अनुसूची ७ मधल्या पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, स्वच्छ भारत कोश वगैरे निधीत जाते. तुमच्या तलावाला त्यातलं काही येत नाही.

म्हणून करारनाम्याच्या आधी कंपनी सचिवांना एकच प्रश्न विचारा: 'ठरावात चालू प्रकल्प असा शब्द आहे का?' हे ३१ मार्चच्या आत व्हायला हवं. नंतर एप्रिलमध्ये जुनी तारीख टाकून कुणी करून देत नाही, आणि देत असेल तर घेऊ नका.

आणखी एक गैरसमज. कंपनीने संस्थेच्या खात्यात पैसे वळते केले म्हणजे खर्च झाला, असं नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष कामावर वापरले तरच खर्च धरतात. त्यामुळे 'मार्चमध्ये सगळे पैसे घेऊन ठेवू, मेमध्ये काम करू' ही युक्ती कागदावर टिकत नाही.

शंकासुर

आमच्या गावात नोंदणीकृत मंडळ आहे, गणपती बसवतं, रक्तदान शिबिर घेतं. त्याच्या नावावर पैसे घेता येतील का?

ताळेबंद

बहुधा नाही. कंपनीबाहेरची संस्था असेल तर ती सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी हवी, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. रक्तदान आणि जलसंधारण हे 'तशाच प्रकारचं' होत नाही. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. फॉर्मवर संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही लागते आणि सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणीकरण लागतं. अडतं कुठे? पॅनवरचं नाव आणि न्यास नोंदणीवरचं नाव यांत एखादा 'श्री' किंवा 'ग्रामीण' कमीजास्त असतो. आधी ते जुळवा.

पण हे सगळं टाळायचा सरळ रस्ता आहे. कंपनीने काम स्वतः करायचं, म्हणजे मशीनमालकाचं बिल थेट भागवायचं. मग सीएसआर-१ चा प्रश्नच येत नाही. गावाने ठराव, शेतकऱ्यांची यादी आणि देखरेख सांभाळायची. एका तलावापुरतं काम असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

ओळंबा

मोजणीवर लिहितो, कारण भांडणं तिथेच होतात.

सांडव्याच्या (तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडतं त्या जागेच्या) माथ्यावर एक पक्की खूण करा. तोच तुमचा बेंचमार्क. तिथून ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) तळाच्या पातळ्या घ्या, १० मीटरच्या चौकटीत. लहान तलावाला दीड-दोन दिवस पुरतात. काम झाल्यावर त्याच चौकटीत पुन्हा मोजा. दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे काढलेला गाळ. पाऊस पडायच्या आत दुसरी मोजणी झाली पाहिजे. एक जोरदार वळीव झाला आणि तळात पाणी साचलं की तुमचा पुरावा गेला.

बरेच ठिकाणी खेपा मोजून घनमीटर काढतात. त्यात फसगत आहे. जागेवरचा घट्ट गाळ खणला की फुगतो, साधारण सव्वापट होतो. खड्ड्यात १५,००० घनमीटर मोजले तर ट्रॉल्यांमध्ये ते १८,७५० च्या आसपास भरतात. कंत्राटदार खेपांवर बिल लावतो, कंपनीचा तपासनीस खड्डा मोजतो, आणि मधल्या पावणेचार हजार घनमीटरवरून 'कुणी खाल्ले' अशी चर्चा गावभर होते. कुणीच खाल्लेले नसतात. करारात एक ओळ घाला: 'मोजमाप खड्ड्यातलं धरलं जाईल.'

आता त्याच १५,००० घनमीटरचं गणित मांडू. २० टनी पोकलेन वाळलेल्या गाळात तासाला ७० घनमीटर धरा. २१५ तास होतात. दिवसाला आठ तास चाललं तर एका मशीनचे २७ दिवस. डिझेल तासाला १५ लिटर धरलं तर सव्वातीन हजार लिटर.

ओढायला गाड्या किती? तासाला ७० घट्ट म्हणजे सुमारे ८८ सुटे घनमीटर. ट्रॅक्टरची ट्रॉली एक ब्रासची, म्हणजे २.८३ घनमीटर. तासाला ३१ ट्रॉल्या भरतात. जाऊन, ओतून, परत यायला अर्धा तास लागत असेल तर एका पोकलेनमागे १५-१६ ट्रॅक्टर रांगेत हवेत. १४ घनमीटरचा हायवा (डंपर) असेल तर तीन-चार पुरतात. गावात सहा ट्रॅक्टर असतील आणि तुम्ही पोकलेन तासावर ठरवलं असेल, तर निम्म्याहून जास्त वेळ मशीन उभं राहून पैसे खातं. या कामातली सगळ्यात मोठी नासाडी हीच.

कोरडवाहू

मग तासाऐवजी घनमीटरवर ठरवावं का?

ओळंबा

हो, पण त्याचीही एक खोड आहे. घनमीटरवर ठरवलं की चालक रस्त्याजवळचा मऊ गाळ धरून बसतो आणि एकाच जागी विहिरीसारखा खड्डा करतो. घनमीटर भरतात, तलाव मात्र तसाच. पावसाळ्यानंतर त्या उभ्या कडांच्या खड्ड्यात गुरं आणि पोहायला उतरलेली पोरं अडकतात. म्हणून करारात कमाल खोली आणि कडांचा उतार लिहा. १:३ चा उतार ठेवला की चढून बाहेर येता येतं.

आणि मूळ तळाच्या खाली जायचं नाही. गाळ संपून मुरूम लागला की थांबा. 'अजून चार फूट घ्या की' असा आग्रह हमखास होतो. बांधाच्या पायथ्याशी तर अजिबात नको. बांधाखाली पाया खंदक भरलेला असतो, त्याच्या पुढचा मातीचा थर उघडा पडला की पाणी बांधाखालून वाट काढतं. किती अंतर सोडायचं ते खात्याचा अभियंता चुन्याने आखून देईल. ती रेघ आखल्याशिवाय मशीन उतरवू नका.

परवानगी कुणाची? सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग, त्यावर ६०० हेक्टरपर्यंत राज्याचा मृद व जलसंधारण विभाग, त्याहून मोठं असेल तर जलसंपदा.

काळीभोर

शेताच्या बाजूने थोडं. 'गाळ म्हणजे सोनं' हे सगळ्या जमिनींना लागू नाही.

मुरमाड, हलक्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीला गाळ उत्तम. आधीच भारी काळी असेल तर त्यावर आणखी चिकणमाती टाकून निचरा बिघडवून घेता. एकरी ४०० घनमीटर पसरले की साधारण १० सेंटिमीटरचा, म्हणजे चार इंच जाडीचा थर होतो. तेवढा पुरे. फुकट आहे म्हणून फूटभर टाकणारे असतात. पहिल्या पावसात त्याचा चिखल, उघडीप पडली की भेगा, आणि खालची मूळ जमीन बंद.

या हिशेबाने १५,००० घनमीटरला ३७-३८ एकर लागतात. तेवढ्या क्षेत्राची नावं फेब्रुवारीत लिहून घ्या. नाहीतर मेमध्ये गाळ तलावाच्याच काठावर ढीग करून ठेवतात आणि जूनमध्ये तो परत आत जातो.

तलावात चार-पाच ठिकाणचे नमुने घेऊन तपासा. सामू (पीएच) साडेआठच्या वर असेल किंवा क्षार जास्त असतील तर चोपण (क्षारांनी बिघडलेल्या) जमिनीची सुरुवात स्वतःच्या हाताने होते. तलावाच्या वर कारखान्याचा नाला येत असेल तर जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय शेतात एक ट्रॉलीही नको.

ओल्या गाळाच्या मागे लागू नका. रबडी असताना पोकलेन रुततं, बकेटला चिकटतं, ट्रॉली रिकामी होत नाही.

पाझर

यात शासनाच्या योजनेचा धागा जोडतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. त्यात यंत्र आणि इंधनासाठी घनमीटरला ३१ रुपये, आणि अल्पभूधारक, विधवा, अपंग, आत्महत्याग्रस्त कुटुंबं यांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५,००० च्या मर्यादेत, अडीच एकरांपर्यंत म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये, अशी तरतूद आली. वरच्या उदाहरणाला ३१ रुपयांनी ४ लाख ६५ हजार होतात. कंपनी तुम्हाला भलतंच अंदाजपत्रक दाखवू लागली तर हा आकडा ताडून पाहायला उपयोगी.

सीएसआर कुठे घालायचा? जिथे योजनेचे पैसे येतात तिथे यंत्रासाठी पुन्हा कंपनीचे घेऊ नका. एकाच घनमीटरची दोन बिलं ही सगळ्यात वाईट गोष्ट. कंपनीचा पैसा मोजणी, मातीपरीक्षण, देखरेखीचा माणूस आणि यादीत न बसणाऱ्या गरीब शेतकऱ्यांची वाहतूक यावर लावला तर कमी पैशात जास्त काम होतं. आणि वाळू काढायची नाही. योजनेत ती सरळ बंद आहे. 'गाळासोबत थोडी आली' म्हणून एक हायवा तहसीलदारांनी पकडला की कंपनी दुसऱ्या दिवशी हात वर करते.

शंकासुर

देखरेखीच्या माणसाचा पगार चालतो? आम्हाला सांगितलं की प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर नको.

ताळेबंद

ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे, तीही तिच्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चावर. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यात धरत नाहीत. साइटवरचा सुपरवायझर हा प्रकल्पाचा खर्च. तरी काही कंपन्या स्वतःचा नियम म्हणून संस्थांनाही पाच टक्के लावतात. तेव्हा सुपरवायझर 'प्रशासन' या सदरात लिहू नका, 'मोजमाप व देखरेख' या सदरात लिहा. लपवाछपवी नाही ही, त्याचं काम तेच आहे.

जीएसटी विसरू नका. नोंदणीकृत मशीनमालक १८ टक्के लावतो. सीएसआरच्या खर्चावरचा इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) कंपनीला मिळत नाही, त्यामुळे तो कर कंपनीच्या खिशातूनच जातो. पाच लाखांच्या कामाला ९० हजार वर. अंदाजपत्रकात नसेल तर शेवटचे चार दिवस मशीन बंद. टीडीएसही कापावा लागतो: मशीनमालक वैयक्तिक असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २. त्याला आधी सांगा, नाहीतर 'माझे पैसे कापले' म्हणून तो चावी घेऊन जातो.

गुलमोहर

कंपनीचे कर्मचारी येऊन श्रमदान करणार आहेत, शिवाय कंपनी आपलं जुनं जनरेटर देणार आहे. ते २ टक्क्यांत धरतात का?

ताळेबंद

नाही. कर्मचाऱ्यांच्या वेळेची किंमत लावता येत नाही, आणि वस्तूचा अंदाजे भाव लावून खर्च दाखवताही येत नाही. श्रमदान जरूर करू द्या, फक्त मे महिन्यात दुपारी नको. तसंच, ज्याचा लाभ कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनाच मिळतो ते चालत नाही, जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व चालत नाही आणि इतर कायद्याने बंधनकारक असलेलं काम तर मुळीच नाही. कारखान्याचा सांडपाणी प्रकल्प किंवा पर्यावरण मंजुरीच्या अटीतला हरितपट्टा सीएसआरमध्ये दाखवला तर तो चुकीचा हिशेब आहे.

कोरडवाहू

एवढं सगळं करण्यापेक्षा पाच हजार झाडं लावली तर? मार्चच्या आत काम संपतं.

काळीभोर

कोरडवाहू राव, खड्डे मार्चच्या आत संपतात, काम नाही. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत १९ आठवडे, झाडामागे आठवड्याला १० लिटर. पाच हजार झाडांना आठवड्याला ५०,००० लिटर, म्हणजे १० हजारी टँकरच्या पाच खेपा, तीन उन्हाळे. ते पाणी कुठून आणणार, तर त्याच गाळाने भरलेल्या तलावातून.

ओळंबा

:)

एक मुद्दा सगळ्यात आधी लिहायला हवा होता. गाळ काढायच्या आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा: सांडवा शेवटचा कधी वाहिला?

दर वर्षी किंवा वर्षाआड सांडवा वाहत असेल, तर काढलेल्या प्रत्येक घनमीटरमागे एका भरण्याला हजार लिटर पाणी जास्त थांबतं. १५,००० घनमीटर म्हणजे दीड कोटी लिटर. पण सांडवा वर्षानुवर्षं कोरडा असेल तर तलावाला जागा कमी नाही, येवा (आत येणारं पाणी) कमी आहे. वर कुणी बांध घातलेत, ओढा वळवलाय, किंवा पाणलोटच (ज्या भागातलं पाणी तलावात येतं तो) लहान आहे. अशा ठिकाणी गाळ काढून साठा वाढत नाही. जिरण थोडी सुधारते, शेताला माती मिळते, इतकंच. कंपनीला 'दीड कोटी लिटर पाणी' असा फलक लावून देणं मग खोटं ठरतं.

ढोबळ हिशेब असा: पाणलोट २०० हेक्टर, पाऊस ६०० मिलिमीटर, त्यातला १२ टक्के वाहून येतो असं धरलं तर १,४४,००० घनमीटर. तलावाची क्षमता याच्या बरीच खाली असेल तर खुशाल काढा.

आणि पाणलोटात काही केलं नाही तर गाळ परत येतो. वरच्या उतारावर सलग समतल चर, ओघळींना दगडी बांध. चालू प्रकल्पाची तीन वर्षं यासाठीच कामी येतात. पहिल्या उन्हाळ्यात तलाव, दुसऱ्यात वरचे चर, तिसऱ्यात पुन्हा मोजणी.

पाझर

ती पुन्हा मोजणी करारात घालाच. कायद्याने प्रभाव मूल्यमापनाची सक्ती फक्त मोठ्यांना आहे: ज्यांचं सरासरी सीएसआर बंधन १० कोटी किंवा जास्त, आणि त्यांचेही १ कोटी किंवा जास्त खर्चाचे प्रकल्प. पाच-दहा लाखांच्या तलावाकडे कुणी परत फिरकत नाही. तलावाच्या खालच्या अंगाच्या पाच-सहा विहिरी निवडा, काम करण्याआधीच्या वर्षापासून ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलच्या शेवटी दोरीने पाण्याची पातळी मोजा. लांबच्या दोन विहिरीही धरा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय तलावाला जातं. वही, दोरी आणि शाळेतला एखादा मास्तर, एवढ्यात भागतं.

करारनाम्याचा मसुदा हवा असेल त्यांनी विचारपूस करा. नावं काढून टाकतो आणि इथेच चिकटवतो.

गुलमोहर

मला हवाय. हप्ते कसे ठेवता?

पाझर

४०-४०-२०. पहिला चुन्याची रेघ आणि आधीची मोजणी झाल्यावर, दुसरा निम्मा गाळ निघाल्यावर, शेवटचा दुसऱ्या मोजणीनंतर. डिझेलचे पैसे मशीनमालक आधी मागतोच, ते पहिल्या हप्त्यातून निघतात. मसुदा रात्री टाकतो.